थोडं तेल सोडून बघा

पनवेलात जून ते सप्टेंबर असा पाऊस लागतो की दारं फुगतात, कड्या गंजतात, शिलाई मशीन कुरकुरू लागतं आणि उघडलेली छत्री मिटायला तयार होत नाही. म्हणून इथल्या प्रत्येक घरात, मिक्सरच्या मागे नाहीतर मशीनच्या खणात, तेलाची एक चिकट बाटली असते. तिच्यावरचं लेबल वाचता येत नाही. ती कोणी आणली, कधी आणली, तिच्यात मुळात कोणतं तेल होतं आणि मधल्या काळात कोणकोणतं पडलं, हे घरातल्या कोणालाच सांगता येत नाही. पण काहीही अडलं की पहिला हात तिच्याकडेच जातो. कुलूप लागत नाही, तेल. पंखा आवाज करतो, तेल. तान्हं बाळ किरकिर करतं, टाळूवर तेल. सरकारी कचेरीत फाइल अडली तर तिथे बाटली वेगळी, उपाय तोच.

त्यामुळे माझ्याकडच्या जुन्या लेन्सची फोकस रिंग फिरताना खरखरायला लागली, तेव्हा आमच्या सोसायटीत निदान करण्यात कोणी वेळ घालवला नाही. सगळे थेट औषधावर आले.

ज्यांनी आयुष्यभर मोबाइलवरच फोटो काढले त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या लेन्सवर एक कडं असतं. ते फिरवलं की आतल्या काचा पुढे-मागे सरकतात आणि समोरचा धूसर माणूस स्पष्ट होतो. हे हाताने करायचं. समोरच्याने हसून उभं राहायचं, आपण कडं फिरवत बसायचं, मग तो ओठ न हलवता विचारतो, "झालं का?" आपण म्हणतो, "एक सेकंद." तोवर त्याचं हसू उतरतं आणि मग आपण बटण दाबतो. जुन्या अल्बममधली आपली सगळी काका-आत्या मंडळी जमिनीचा दावा हरल्यासारखी का दिसतात, त्याचं कारण हे आहे. १९८५ साली मिनोल्टा ७००० आला, कॅमेरे आपापला फोकस आपणच लावू लागले आणि कड्याचं महत्त्व उतरत गेलं. आजच्या पुष्कळ लेन्समध्ये तर कडं आणि काच यांची गाठच पडत नाही. कडं फिरवलं की आत विजेचा निरोप जातो आणि मोटर काच सरकवते. असली कडी खरखरत नाहीत. ज्यांचं एकमेकांशी बोलणंच बंद आहे त्यांच्यात कुरबुर कशावरून होणार?

माझी लेन्स त्या काळातली, जेव्हा बोलणं चालू होतं. हेलिओस ४४-२. अठ्ठावन्न मिलिमीटर, सहा काचा, सोव्हिएत माल. मामाच्या एका दोस्ताने ती भिलाईत, पोलाद कारखान्यावरच्या एका रशियन इंजिनियरकडून, झेनिट कॅमेऱ्यासकट घेतली आणि पुढे मामाच्या गळ्यात घातली. तो काळच तसा होता. लोकवाङ्मय गृहातून रशियन पुस्तकं यायची, गुळगुळीत कागद, भरपूर चित्रं, किंमत जवळजवळ काही नाही. आणि त्याच वाटेने कधीमधी असा एखादा कॅमेरा यायचा, ज्याचं वजन पाहून तो फोटो काढायला बनवलाय की नारळ फोडायला, असा प्रश्न पडे. लेन्सची वंशावळ मात्र खानदानी. मूळ आराखडा येनाच्या झाइस कंपनीचा, नाव बायोटार. दुसरं महायुद्ध संपल्यावर रशियनांनी जर्मनीतून यंत्रं नेली, माणसं नेली आणि हा आराखडाही नेला. तिच्या फोटोत मागची झाडं गोल गोल फिरल्यासारखी दिसतात. हा खरं तर दोष. पण आता तरुण मंडळी त्या दोषासाठीच लेन्स शोधत हिंडतात. माझा भाचा त्यातलाच. त्याच्याकडे नवा मिररलेस कॅमेरा आहे, त्याची स्वतःची चकचकीत लेन्स आहे, ती काढून तो मामाआजोबांची ही लेन्स लावतो. माझ्या आईने त्याने काढलेला आपला फोटो पाहिला आणि विचारलं, "माझ्या मागे वादळ आलंय का रे?"

तर खरखर. भाच्याने लेन्स परत आणून दिली तेव्हा म्हणाला, "मामा, हिची रिंग जरा रफ झालीये." रफ म्हणजे काय ते मी फिरवून पाहिलं. अनंतापासून पाच मीटरपर्यंत ठीक. मग खर्र. मग पुढे पुन्हा ठीक, पण जड. मी ही गोष्ट संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर काढली.

तळमजल्यावरचे काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी लेन्स हातातही घेतली नाही. "अरे, ग्रीस मार," म्हणाले, आणि घरात जाऊन श्रीखंडाच्या जुन्या डब्यात ठेवलेलं गाडीचं ग्रीस घेऊन आले. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, दोन थेंब खोबरेल सोडा. आमच्या ह्यांचा गुडघा असाच वाजायचा." त्यांनी लेन्स घेऊन रिंग फिरवलीसुद्धा आणि म्हणाल्या, "छान तर फिरतेय!" ती फोकसची नव्हती, अॅपर्चरची, म्हणजे आत येणारा प्रकाश कमी-जास्त करायची होती. हेलिओसला अशा दोन आहेत, आणि त्या कधीच खरखरत नाहीत, कारण त्यांना कोणी हात लावत नाही. माझा मेव्हणा तेवढ्यात डब्ल्यूडी-फोर्टीचा निळा-पिवळा डबा हलवत आला. त्याच्या घरात त्या डब्याला देवाखालोखाल मान आहे. हे रसायन १९५३ साली अमेरिकेत पाणी हुसकून लावण्यासाठी बनवलं, चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून नावात चाळीस. मेव्हण्याने आजवर ते बिजागऱ्या, सायकल, कीबोर्ड आणि एकदा हार्मोनियम अशा सर्वांवर मारलेलं आहे. हार्मोनियमचं पुढे काय झालं हे घरात विचारायचं नाही.

सगळ्यात शास्त्रीय बोलले ते आमचे वैद्य. पनवेल हे धूतपापेश्वरचं गाव. १८७२ पासून इथे आयुर्वेदिक औषधं बनतात, त्यामुळे आमच्याकडे दोन बाकांआड एक तरी वैद्य बसलेला असतो. त्यांनी लेन्स घेतली, डोळे मिटले, रिंग हलकेच फिरवली आणि म्हणाले, "वात." कोणीतरी हसलं. "हसू नका. रूक्ष आणि खर हे दोन्ही वाताचे गुण. हिच्यात दोन्ही आहेत. स्नेहन करा."

मी नंतर शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं की त्या बाकावर निदान म्हणण्यासारखं बोलणारे हे एकटेच. आतला स्निग्धांश सुकला आहे, हे त्यांनी बरोबर ओळखलं. उपचार मात्र त्यांचाही चुकला. तो का, ते सांगायला लेन्सच्या पोटात शिरावं लागतं.

रिंगच्या आत दोन नळ्या एकीत एक बसलेल्या असतात आणि दोघींवर आटे असतात, पितळेचे नाहीतर अॅल्युमिनियमचे. याला हेलिकॉइड म्हणतात. दूरच्या डोंगरावरून अर्ध्या मीटरवरच्या माणसावर यायचं तर ह्या लेन्सला जेमतेम नऊ मिलिमीटर पुढे सरकावं लागतं. पण हा प्रवास एक पूर्ण वेढा होण्याच्या आत उरकायचा असतो. साध्या स्क्रूसारखा एकच आटा असता तर कडं फिरवता फिरवता लग्न लागून वरात निघाली असती. म्हणून इथे शेजारी शेजारी अनेक आटे एकदम सुरू होतात आणि सगळे चढे असतात. त्यांच्यामध्ये दाट ग्रीसचा पातळ थर. रिंग फिरवताना जो रेशमी जडपणा जाणवतो तो धातूचा नसतो, त्या ग्रीसचा असतो. कारखान्यातून निघाल्यावर तीस-चाळीस वर्षांत त्यातलं तेल वेगळं होऊन वाहून जातं आणि मागे ते तेल धरून ठेवणारा नुसता साबण उरतो, तोही वाळलेला.

आता यात वरून पातळ तेल सोडलं की पहिले दोन दिवस रिंग लोण्यासारखी फिरते. (ज्याने तेल सोडायला सांगितलं तो याच दोन दिवसांत आपल्याला भेटतो.) मग ते तेल उरलंसुरलं ग्रीस विरघळवत, आट्यांमधून वाट काढत अॅपर्चरच्या पात्यांवर पोचतं. हेलिओसची पाती हाताने मिटतात, त्यामुळे ती तेवढ्यावर निभावून नेते. ज्या लेन्समध्ये पाती स्प्रिंगने मिटायची असतात त्यांत ती चिकटतात, वेळेवर मिटत नाहीत, आणि फोटो पांढरेफटक येतात. पुढे मे महिना आला की तेलाची वाफ काचांच्या आतल्या बाजूला धुक्यासारखी बसते. ती बाहेरून पुसता येत नाही. पुसणारा मात्र पुसत राहतो.

वहिनींच्या खोबरेलाला तर आणखी एक अंग आहे. खोबरेल चोवीस अंशांच्या आसपास गोठतं. पनवेलला डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा त्याच्या खाली जातो. म्हणजे कर्नाळ्याच्या अभयारण्यात भल्या सकाळी पक्षी टिपायला जावं, स्वर्गीय नर्तक समोरच्या फांदीवर येऊन बसावा आणि आपली लेन्स थिजलेली असावी. ती पातळ होईस्तोवर, म्हणजे साधारण साडेदहापर्यंत, पक्ष्याने थांबायचं. गाडीच्या ग्रीसचं उलट. ते बनवलंय जोरात फिरणाऱ्या, तापणाऱ्या बेअरिंगसाठी. लेन्समध्ये ते नुसतं बसून राहतं आणि तेल सोडून देतं. आणि ज्याने टूथपेस्ट लावून आटे घासून काढायला सुचवलं (त्याचा मजला सांगत नाही, सोसायटीत राहायचंय), त्याचा सल्ला पाळला असता तर टूथपेस्टमधली बारीक पूड आट्यात कायमची वस्तीला आली असती. खरखर गेली नसती, फक्त तिला पुदिन्याचा वास आला असता.

पण तेलाच्या आधीही एक पायरी असते, आणि ती आमच्या बाकावर कोणीच चढलं नाही: खरखर नेमकी कुठे आहे ते बघणं. पुष्कळदा ती हेलिकॉइडमध्ये नसतेच. लेन्सच्या तोंडाला फिल्टर वाकडा अडकलेला असतो आणि तोच घासत असतो. लेन्स कधीतरी पडलेली असते, कड चेपलेली असते आणि रिंग तेवढ्याच जागी अडते. कधी रबराची पट्टी सैल होऊन हाताखाली सरकते आणि आपण आतल्या यंत्रावर संशय घेतो. कधी रिंगखालच्या फटीत नुसती वाळू असते; ती रबरी फुग्याने वारा मारला की निघते, तोंडाने फुंकर मारली की थुंकीसकट आत जाते. सगळीकडे सारखीच जड असेल तर ग्रीस वाळलं. एका ठरावीक जागी खर्र करत असेल तर कण आहे नाहीतर आट्याला टोच बसलाय. जड नाही पण डुगडुगते, तर बारीक स्क्रू ढिले झालेत. एवढं कळायला पाच मिनिटं आणि रिकामा कान लागतो. सोसायटीच्या बाकावर पहिली गोष्ट भरपूर असते.

मग मुंबई गाठावी असं ठरलं. हार्बर लाइनला पनवेलहून बसायला मिळतं, हे पनवेलकराचं एकमेव राजेपण. सव्वा तास खिडकीशी बसून सीएसएमटी, आणि तिथून चालत फोर्टातला बोरा बझार, जिथे कॅमेऱ्याची दुकानं आणि दुरुस्तीवाले जुन्या काळापासून आहेत. एका माळ्यावरच्या कारागिराने लेन्स एकदा फिरवली आणि सरळ सांगितलं, "साहेब, मजुरी लेन्सपेक्षा जास्त होईल. तुम्हाला प्रेम असेल तर ठेवून जा." प्रेम होतं, पण दर ऐकून जरा व्यावहारिक झालं. आम्ही परत फिरलो.

परतीच्या गाडीत मेव्हण्याने "आपणच उघडू" असा ठराव मांडला आणि थेट बाबूराव पेंटरांचा दाखला दिला. दाखला खरा आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला कोल्हापुरात बाबूराव आणि आनंदराव या भावांना सिनेमा काढायचा होता आणि कॅमेरा नव्हता. तेव्हा त्यांनी तो घरीच बनवायचं ठरवलं. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ साली कॅमेरा उभा केला, आणि त्या कॅमेऱ्यावरचा 'सैरंध्री' १९२० मध्ये पडद्यावर आला. बाबूरावांचं मूळ आडनाव मेस्त्री होतं, हेही मेव्हण्याला पाठ होतं. मी एवढंच म्हटलं की मेस्त्रींनी तो कॅमेरा जोडला होता. तू आजवर जे जे उघडलंस, त्यातलं पुन्हा जोडलेलं एक सांग. वाशी येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता.

शेवटी तोडगा पनवेलातच निघाला. जुन्या गावात एक घड्याळजी आहेत. पुढे काचेची पेटी, मागे भिंतीवर बंद पडलेली पण वेगवेगळी वेळ दाखवणारी घड्याळं. एके काळी इथे एचएमटीच्या चावीच्या घड्याळांची रांग लागायची. आता धंदा सेल बदलण्याचा आणि पट्टे लावण्याचा. त्यांच्यापुढे लेन्स ठेवली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर, बऱ्याच दिवसांनी कोणीतरी पट्ट्याखेरीज काही आणलं, असा आनंद दिसला.

ते पहिल्यांदा काही बोललेच नाहीत. लेन्स कानाला लावली आणि रिंग अगदी सावकाश फिरवली. रस्त्यावरून रिक्षा गेली की थांबायचे, गेली की पुन्हा सुरू. मग म्हणाले, "इथे." तीन मीटरच्या आकड्यावर बोट होतं. "बाकी ग्रीस वाळलंय. इथे मात्र कण आहे. तेल घातलंत का?"

"नाही."

"कोणीच सांगितलं नाही?"

"सगळ्यांनी सांगितलं."

यावर त्यांनी मला चहा मागवला.

रिंगच्या कडेला तीन बारीक स्क्रू असतात. त्यांनी पेचकसांच्या रांगेतून एकेक लावून पाहिला आणि खाचेत नेमका बसणारा मिळाल्यावरच जोर दिला. जपानी लेन्स असती तर वेगळा पेचकस काढावा लागला असता, असं ते म्हणाले. जपानी फुलीचा स्क्रू आणि बाजारातली साधी फुली दिसायला सारखी, पण खोली वेगळी, आणि चुकीची लावली की डोकं गुळगुळीत होऊन जातं. निघालेले तीन स्क्रू एका स्टीलच्या वाटीत गेले. मग ते आटे उलटे सोडू लागले, अगदी थेंबाथेंबाने, आणि शेवटचा धागा सुटला त्या क्षणी हात जागच्या जागी थांबवून सुईने दोन्ही नळ्यांवर एकेक ओरखडा ओढला. "हे केलं नाही की झालं. आटे अनेक आहेत, कुठल्याही आट्यात बसेल. सगळीकडे छान फिरेल. फोकस तेवढा कुठेच नीट बसणार नाही."

मग साफसफाई. लाकडी काडीला कापूस, कापसाला लायटरचं पेट्रोल. थिनर नाही, कारण थिनरने आकड्यांमधला रंगही निघतो आणि मग अंतर अंदाजाने मोजावं लागतं. कापूस तपकिरी होऊन यायला लागला. एका कापसावर चंदेरी झाक आली. ती घासलेल्या अॅल्युमिनियमची. आणि पुढच्या कापसावर सरळ गुलाबी रेघ. घड्याळजींनी भिंग वर करून माझ्याकडे पाहिलं. मी भाच्याकडे पाहिलं. भाचा म्हणाला, "मामा, विसर्जनाला एकदाच नेली होती." गुलाल इतका बारीक असतो की तो फटीतून आत जायला वाट विचारत नाही.

मग तो कणही सापडला. एक नव्हता, दोन होते. भिंगाखाली एक जरा पारदर्शक, एक कुळकुळीत काळा. पारदर्शक कुठला यावर वाद नव्हता. आमच्या घरात अलिबागला जाऊन आल्यावर वर्षभर चपला झाडल्या तरी वाळू पडते. काळ्याबद्दल मात्र भाच्याने जोरात मत मांडलं की तो उलव्याच्या टेकडीचा असणार. पनवेलच्या वेशीवरच्या विमानतळासाठी ती आख्खी टेकडी सुरुंग लावून सपाट केली, तेव्हा आमच्या खिडक्यांत काळी धूळ बसायची हे खरंच आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. टेकडीचा एक कण धावपट्टीखाली न जाता माझ्या लेन्समध्ये आला असेल तर त्याचा मला थोडा अभिमानही वाटला. घड्याळजी म्हणाले, "कुठलाही असो, दोन्ही काढायचेच आहेत," आणि काडीने उडवले.

ग्रीस भाच्याने ऑनलाइन मागवून ठेवलं होतं, हेलिकॉइडसाठीचंच, इंजेक्शनच्या छोट्या सिरिंजमध्ये. घड्याळजींनी स्वतःचं घड्याळाचं तेल वापरायला साफ नकार दिला. ते वाहण्यासाठीच बनवलेलं असतं म्हणाले. ग्रीस लावलं तेही बाळाच्या डोळ्यात काजळ घालावं इतकंच. मला वाटलं, कंजुषी करतायत. पण जास्तीचं ग्रीस कुठे जातं हे एव्हाना मला ठाऊक झालं होतं. वैद्यांना मी हे संध्याकाळी सांगितलं: आधी शोधन झालं, मग स्नेहन. ते अस्वस्थ झाले. त्यांच्या शास्त्रात आधी स्नेहन, मग स्वेदन, आणि त्यानंतर शोधन. हा क्रम उलटा करून रोगी बरा झाला हे त्यांना अजून मान्य नाही.

रिंग फिरू लागली म्हणजे काम संपलं असं नाही. अनंताची परीक्षा राहते. रिंगवर शेवटी आडवा पडलेला आठ असतो. कडं तिथे आणलं की दूरचा डोंगर कापल्यासारखा स्पष्ट दिसायला हवा. यात गंमत अशी की लेन्स आपल्या जागेपासून एक दशांश मिलिमीटर जरी पुढे राहिली, तर अठ्ठावन्न मिलिमीटरच्या लेन्सचं अनंत तेहतीस-चौतीस मीटरवर येऊन थांबतं. म्हणजे समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर. शिवाय जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवायला मध्ये अॅडाप्टरचं कडं लागतं, आणि स्वस्तातलं कडं कागदाएवढं जाड-पातळ निघालं तरी दोष लेन्सवर येतो. भाच्याच्या कॅमेऱ्यावर हिशेबाने ते सत्तावीस मिलिमीटर आणि वर अर्ध्याला जरा कमी असायला हवं. त्याने मागवलेलं किती होतं हे मोजायला घड्याळजींकडे गेज होतं, आणि ते बरोबर निघालं याचं सगळ्यात जास्त आश्चर्य भाच्यालाच वाटलं.

परीक्षेसाठी आम्ही गच्चीवर गेलो. पनवेलकराला अनंत शोधायला फार कष्ट नाहीत: दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका, पूर्वेला प्रबळगड. निदान पूर्वी नव्हते. आता कर्नाळ्याच्या दिशेला एक टॉवर उभा राहतोय आणि त्यावरची क्रेन बरोबर सुळक्यावर येते. प्रबळगडाकडे वळलो तर हिवाळी धुरकट हवेत गडाचा नुसता अंदाज. खाली बातमी गेलीच होती, त्यामुळे काका, वहिनी, मेव्हणा आणि वैद्य असे सगळे वर आले आणि अनंत दिसतंय का ते आळीपाळीने बघू लागले. वहिनी म्हणाल्या, "मला तर क्रेनचा ड्रायव्हर दिसतोय." तोही स्पष्ट दिसत होता, हे मात्र लेन्सच्या बाजूने नोंदवायला हवं. दोन दिवसांनी अवकाळी पाऊस पडून हवा धुऊन निघाली, क्रेन दुसरीकडे वळली, आणि आडव्या आठावर कडं ठेवल्यावर सुळक्याची धार स्वच्छ आली.

रिंग आता एका बोटाने फिरते, कुठेही अडत नाही, सोडली की जागेवर राहते. भाच्याने फिरवून पाहिली आणि जरा नाराजीने म्हणाला, "मामा, व्हिंटेज फील गेला." काकांनी श्रीखंडाचा डबा परत नेला. मेव्हणा मात्र म्हणतो की थोडं डब्ल्यूडी-फोर्टी मारलं असतं तर हे सगळं दहा मिनिटांत झालं असतं, आणि याला उत्तर नाही, कारण दहा मिनिटांपुरतं ते खरंच आहे.

तुमच्या कपाटातही एखादी अशी लेन्स असेल. वडिलांची, सासऱ्यांची, परदेशातून आलेल्या कोणाची. आज बाहेर काढा आणि रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवून बघा. किंचित जड असेल तर राहू द्या, तिचंही वय झालंय. फिरतच नसेल तर पकड लावू नका. एका जागी खर्र करत असेल तर आधी कान लावा आणि मग गावात घड्याळजी उरले असतील तर त्यांना गाठा. तेही पट्टे लावून कंटाळलेत. पावसाळ्याआधी लेन्स चामड्याच्या पाकिटातून काढून, हवा न जाणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, म्हणजे काचेवर बुरशीचं जाळं धरणार नाही. निळे दाणे गुलाबी झाले की ते गरम करून पुन्हा निळे करता येतात. सिलिका जेलऐवजी डब्यात तांदूळ भरा असं कोणी सांगेल, नक्की सांगेल. ते ऐकू नका. तांदळाचा ओलावा शोषण्याचा जोर फार थोडा, आणि त्याची पूड थेट आट्यात जाते. तांदूळ भातासाठी ठेवा.